भवानीच्या आधीचं सायगॉन

९ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. लिहिणाऱ्या माणसाला रोज लिहायची सवय हवी, आणि मी आता लिहिणारा माणूस आहे.

काम थोआताईने दिलंय. थोआताई म्हणजे लाय मावशीची, मी जिच्या घरी राहतो तिची, मुलगी. शहराच्या मध्यावर तिचं दोन खोल्यांचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. परदेशी पाहुण्यांना आता म्युझियम बघून कंटाळा आलाय म्हणे. त्यांना खऱ्या गल्ल्या हव्यात, खरा बाजार हवा, तोही पहाटेचा. मी म्हटलं, मी तीन वर्षं तुझ्या आईच्या गल्लीतच राहतोय. ती म्हणाली, राहतोस खरा, पण पहाट कधी पाहिलीस? पाहिली नाही असं नाही. जागाच असतो कधी कधी.

तर शहराची छोटी मार्गदर्शक पुस्तिका लिहायची, बाजारातल्या बायकांशी ओळख वाढवून ठेवायची, आणि २९ तारखेला एका डॅनिश जोडप्याला पहाटे फिरवून दाखवायचं. ते दोघं एका मोठ्या बुकिंग कंपनीसाठी लिहितात. त्यांना आवडलं तर मला पगारी नोकरी आणि ऑफिसच्या वरची खोली. नाही आवडलं तर परत गावी: त्रा विन्ह, बाबा आणि बदकं.

बाबांना फोन करून सांगितलं, पुस्तक लिहितोय. ते बदकांचं पाणी बदलत होते. मग म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघतो. अंडी उचलायला माणूस मिळत नाहीये.

याआधीची कामं माझ्यामुळे गेली नाहीत. मोबाईल दुरुस्तीचं दुकान मालकामुळे गेलं, डोंगरावरच्या दालातची स्ट्रॉबेरी थंडीमुळे गेली, आणि बोटीवरचं काम तर बोटीमुळेच गेलं. या वेळी मध्ये कोणी नाही.

उद्या पहाटे उठणार.

१० मार्च. सकाळी दहा

पंख्याचा आवाज फार. गजर ऐकू आला नाही. उद्या.

११ मार्च

उठलो. अंधारात उठलो. लाय मावशी मागच्या अंगणात चिकट भात वाफवत होती. तिला वाटलं चोर शिरला. कालथा घेऊन आली. मला बघून म्हणाली, तोआन्या, बरं नाही का तुला?

गल्लीच्या तोंडाशी, घराच्या शटरबाहेरच, ती रोज भाताची टोपली घेऊन बसते. केळीच्या पानात भात, वर मुगाची डाळ, शेंगदाणे, तळलेला कांदा. एरवी मी उठेपर्यंत टोपली संपलेली असते आणि माझ्यासाठी एक पुडी झाकून ठेवलेली असते, थंडगार. आज टोपली उघडल्या उघडल्या पहिलीच पुडी उचलली. वाफाळलेली. लवकर उठण्याचे फायदे लोक सांगतात ते खोटं नाही.

मग बाजार. माझी पद्धत अशी: प्रत्येक गाळ्यावर थांबायचं, हात लावून बघायचं, भाव विचारायचा, फोटो काढायचा, घ्यायचं काहीच नाही. विकत घेतलं की लिहिणाऱ्याचं मत बाटतं. सुरुवात कुक मावशीपासून. ती पालेभाजी आणि लिंबं-वांगी विकते, बाजारातली सगळ्यात जुनी. नुकत्याच जुड्या मांडत होती, एकही विकली गेली नव्हती. प्रत्येक जुडीचा भाव विचारला. पहिल्या दोन जुड्यांचा नीट सांगितला, मग तोंडातल्या तोंडात. शेवटी म्हणाली, पोरा, घ्यायचंय काही की नुसतंच कुरवाळायचंय? मी म्हटलं, आज फक्त अभ्यास. म्हणाली, अभ्यास शाळेत करतात, तिथे भवानी व्हायची नसते कुणाची.

बोलायला खुसखुशीत आहे. पुस्तिकेत घेणार.

निघताना मागे पाहिलं तर तिने वर्तमानपत्राचा तुकडा पेटवून टोपल्यांवरून फिरवला. हे कशासाठी करतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भवानीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या वेळी पांढऱ्या पायाचं गिऱ्हाईक येऊन काही न घेता गेलं, की दिवस बसतो. मग मागून आग दाखवून त्याचा पायगुण घालवायचा. माझ्या थोडं आधी एक म्हातारी वांगी दाबून दाबून गेली होती. बिचारी म्हातारी.

१२ मार्च

प्रकरण पहिलं, रस्ता ओलांडणे. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे वळायचं नाही; स्कूटरी आपोआप आपल्या दोन्ही अंगांनी वाहत जातात. खात्री करायला स्वतः ओलांडून पाहिलं. अर्ध्यात गेल्यावर प्रश्न पडला, 'वाहतात' लिहावं की 'सरकतात'. विचार करायला थांबलो.

नडगीला बर्फ लावलाय. स्कूटरवाला कोंबड्या नेत होता. फार बोलला. कोंबड्याही बोलल्या.

१४ मार्च

प्रकरण दुसरं, पत्ते शोधणे, यासाठी निघालो होतो. वाटेत ती टपरी लागली जिथे म्हातारे आपापले बुलबुल पिंजऱ्यातून आणतात, आढ्याला टांगतात आणि खाली कॉफी पितात. थोडा वेळ बसलो. एक जण म्हणाला, तुला पाखराचा कान आहे. असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळ झाली.

पत्ते उद्या.

१५ मार्च

पत्त्यांचं प्रकरण रद्द. सायगॉनमध्ये पत्ता सापडत नाही, माणूस सापडतो. हेच एक वाक्य लिहिलंय. वाक्य चांगलं आहे.

पहाटे मात्र रोज उठतोय. मीच थक्क झालोय.

१६ मार्च

बाजारात शिस्त येऊ लागली आहे. मी दिसलो की मासेवाली परातीवर गोणपाट टाकते, माश्यांपासून बचाव म्हणून. कुक मावशी पाठ करून बसते आणि म्हणते, अजून उघडलं नाही. जुड्या तर मांडलेल्या असतात. मी म्हटलं, उघडल्यासारखं दिसतंय. म्हणाली, दिसतं रे, तुझ्यासाठी नाही उघडलं. आणि हल्ली जाळपोळ फार. पाच-सहा गाळ्यांवर कागद जळतात. ती वांगीवाली म्हातारी सगळीकडे माझ्या आधी जाऊन येते की काय कोण जाणे. मला तर पुन्हा दिसली नाही.

लाय मावशीने विचारलं, बाजारात जरा ऊन चढल्यावर का नाही जात? मी म्हटलं, मावशी, लिहिणाऱ्याला कोवळा प्रकाश लागतो. ती म्हणाली, हो का, आणि भात ढवळत राहिली.

रात्रीच्या जेवणाला पुन्हा चिकट भात. काल पण तोच. टोपली पूर्वी रिकामी घरी यायची, आता निम्मी भरलेली येते. लोकांना पाव आवडायला लागलेत. चवी बदलतात, त्याला कोण काय करणार. पण मला रोज रात्री तेच खायला लागतं, याचा विचार कोणी करत नाही.

१८ मार्च

प्रकरण तिसरं पूर्ण. घासाघीस. हे माझं सगळ्यात जमलेलं. सांगितलेल्या भावाच्या निम्मं म्हणायचं, कपाळाला आठी घालायची, 'फार महाग' म्हणायचं, मग पाठ फिरवून सावकाश चालू लागायचं. हाक येतेच. हाक आली की जिंकलात. इंग्रजीत उतरवलं, थोआताईने चुका काढून छापायला टाकलं. म्हणाली, तोआन, हे बरं लिहिलंयस. तिने माझं काही बरं म्हटल्याला तीन वर्षं झाली.

म्हणून निश्चय. उद्या कुक मावशीकडे खरंच काहीतरी विकत घेणार आणि ओळख पक्की करणार.

१९ मार्च

आज चांद्रमहिन्याची पहिली तारीख होती. याची मला कोणीतरी आठवण करून द्यायला हवी होती. पहिल्या तारखेला आम्ही काळ्या शाईचा म्हाकूळ मासा खात नाही, उसनं देत नाही, केर काढत नाही; अख्ख्या महिन्याची भवानी त्या दिवशी होते.

पहाटे गेलो. कुक मावशी जागेवर बसतच होती. आणखी कोणी नव्हतं. मी लिंबं मागितली. ती गोंधळली. भाव सांगितला. मी निम्मं म्हटलं, पुस्तिकेप्रमाणे आठी घातली, पाठ फिरवून चालू लागलो. हाक आली. पद्धत शंभर टक्के लागू पडते, हे इथे नोंदवून ठेवतो. निम्म्या भावात लिंबं पिशवीत पडली. खिशात हात घातला.

पाकीट दुसऱ्या पँटीत. मोबाईल काढला, तर पाखरांचे आवाज रेकॉर्ड करून करून बॅटरी संपलेली. मी म्हटलं, मावशी, लिहून ठेवा, उद्या देतो.

तिने हात पुढे केला. पिशवी माझ्या हातून काढून घेतली. लिंबं एकेक करून परत मांडली. मग डबा उघडून मूठभर मीठ आणि तांदूळ, पीडा घालवायला फेकतात तसे, माझ्या मागे फेकले. थोडे कॉलरमध्ये गेले, अजून टोचतायत.

या वेळी म्हातारीमुळे नसावं असं वाटतं.

संध्याकाळी कुक मावशी आणि मासेवाली आमच्या दारात. मला आत बसवलं होतं, पण पडदा पातळ आहे. कुक मावशी म्हणत होती, लायबाई, तुमचा पोरगा एकदा येऊन गेला की माशीसुद्धा बसत नाही गाळ्यावर. मासेवाली म्हणाली, माझे जिवंत मासे त्याला बघून उताणे होतात. लाय मावशी म्हणाली, अहो, पोरगा वाईट नाही, फक्त लवकर उठतो. कुक मावशी म्हणाली, मग झोपवा त्याला. आणि तुमच्याकडे हो? पहिली पुडी रोज कोण उचलतं? लाय मावशीने टोपली आत ओढली. मग म्हणाली, घरचंच आहे ते, त्याचं काय धरायचं. मासेवाली म्हणाली, घरचं असलं तरी पाय पायच असतो, बाई.

एवढी वर्षं झोपून राहिलो म्हणून बोलणी खाल्ली. आता उठतोय तर हे.

२० मार्च

थोआताईला कळलं. फोनवर म्हणाली, अरे, तुला ओळख वाढवायला पाठवलं होतं. मी म्हटलं, सगळे ओळखतात मला. म्हणाली, आणि आईच्या टोपलीतली पहिली पुडी तू घेतोस? मी म्हटलं, घेत नाही, तिथे समोरच असते. मग ती बराच वेळ जे बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, २९ला बाजार उघडा दिसला पाहिजे. कसा, ते तू बघ.

पहिली पुडी घेणं बंद केलंय. म्हणजे उद्यापासून. आजची आधीच खाल्ली होती.

२१ मार्च

उपाय सापडला. बान्ह काका.

बान्ह काका म्हणजे गल्लीतले निवृत्त न्हावी. पोट सुटलेलं, दात चारच, पण पायगुण असा की ते ज्या गाळ्यावर पहिले येतात तिथे दुपारच्या आत सगळं खपतं. नवीन दुकान उघडलं की लोक त्यांना स्कूटरवर बसवून नेतात, पहिली खरेदी त्यांच्या हातची व्हावी म्हणून. तर योजना अशी: काका पुढे चालणार, प्रत्येक गाळ्यावर एखादं लिंबू, एखादी मिरची घेऊन भवानी करणार, मागून मी आणि पाहुणे. बाजारही खूष, मीही.

काका लगेच हो म्हणाले. अट एकच, दर थोड्या अंतरावर बर्फाची दूधकॉफी. कुक मावशीला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, काका पुढे असतील तर मागून वाघ आला तरी चालेल.

हे आधीच सुचायला हवं होतं. मला नव्हे, थोआताईला.

२४ मार्च

रंगीत तालीम. काका पहाटे निघाले. कुक मावशीकडे एक लिंबू घेतलं, तिच्या गुडघ्याची चौकशी केली, तिच्या सुनेची केली, सुनेच्या आईची केली. मग कॉफी. मासेवालीकडे एक छोटा मासा घेतला आणि तो कसा शिजवायचा यावर दोघांचा वाद झाला. मग कॉफी. मग कोणीतरी बुद्धिबळाचा पट मांडला.

मी घाई करू लागलो तर म्हणाले, पोरा, तुझं डोकं तापलंय, बस, कान साफ करून देतो. जुन्या न्हाव्यांच्या हातात काय जादू असते. बारीक काडी, मग पिसाचा कुंचला. डोळा लागला. जाग आली तेव्हा बाजार धुऊन काढत होते आणि माझ्या पायांवर पाणी येत होतं.

पण दोन गाळ्यांवर माझ्या मागे काही जळलं नाही. प्रगती आहे.

२६ मार्च

लाय मावशीची टोपली आज पाऊण रिकामी झाली. पहाटे काका पहिली पुडी घेऊन जातात. मी बोललो नाही, पण ही कल्पना माझीच होती.

मावशी म्हणाली, तोआन्या, २९ला त्यांना माझ्याकडे पण आण हो. गोऱ्या लोकांनी माझा भात कधी खाल्ला नाही. मी म्हटलं, मावशी, तुझ्याकडेच सुरुवात करू. ती ब्लाऊजच्या कडेला हात पुसत राहिली, मग उठून नवीन केळीची पानं आणायला गेली.

२८ मार्च

सगळं तयार. पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर माझं नाव जरा लहान झालंय. पाहुण्यांना हॉटेलवर जाऊन भेटलो. बाई उंच, नवरा त्याहून उंच, दोघं हसरे. म्हणाले, रात्री वाचून काढू. मी म्हटलं, तिसरं प्रकरण नक्की वाचा.

बाबांचा फोन. म्हणाले, मंगळवारच्या बसचं तिकीट काढून ठेवू का? मी म्हटलं, काढू नका, वाया जाईल.

बान्ह काकांना आठवण करून द्यायला गेलो तर झोपले होते. नको उठवायला म्हटलं. आपणहून येतील.

२९ मार्च, रविवार. पहाट

काका घरी नाहीत. सून म्हणते, सातव्या जिल्ह्यात कोणाचं भाताचं हॉटेल उघडतंय, रात्रीच गाडी पाठवून घेऊन गेले, परतीला भाजलेलं डुक्कर देणार आहेत. म्हातारा माणूस शब्दाला पक्का नसावा, हे चांगलं नाही. पाहुणे रिक्षातून उतरतायत. काका नसले तरी बाजार आहेच. जातो.

२९ मार्च. रात्र

लिहायचं नव्हतं. सवय लागलीय म्हणून लिहितो.

ठरल्याप्रमाणे सुरुवात लाय मावशीकडे करायची होती, पण वाटेत वाटलं, आधी बाजार दाखवावा, मावशी शेवटी, गोड शेवट म्हणून. बाजाराच्या तोंडाशी आम्ही तिघं दिसलो आणि मासेवालीने मान उंच करून माझ्या पुढे बघितलं. मग माझ्या मागे. काका नाहीत हे तिला कळलं. तिने गोणपाट टाकलं. तिच्या शेजारणीने ताडपत्री ओढली. मग त्या बाजूने सगळ्यांनी, एकामागून एक. कुक मावशीने जुड्या टोपलीत भरल्या, टोपली स्टुलाखाली ढकलली आणि स्टुलावर बसली. गोऱ्या बाईने विचारलं, आज सुट्टी आहे का? मी म्हटलं, ही सकाळची शांततेची वेळ असते. नवऱ्याने जळत्या कागदांचे फोटो काढले. आम्ही या टोकाकडून त्या टोकापर्यंत चालत गेलो. मला हा बाजार इतका लांब कधी वाटला नव्हता.

मग लाय मावशी. ती गल्लीच्या तोंडाशी बसली होती. नवीन ब्लाऊज, केस बांधलेले, टोपली गच्च. अजून कोणी गिऱ्हाईक आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर तिने थांबवून ठेवलं होतं. बाजारातली बातमी तिथपर्यंत पोचलेली असणार. तिने टोपली झाकली नाही. आम्हाला बघून पान उलगडलं, भात घातला, डाळ, शेंगदाणे, कांदा नेहमीपेक्षा जास्त, आणि पुडी दोन्ही हातांनी पुढे केली.

गोऱ्या बाईने भाव विचारला. मावशीने बोटांनी दाखवला. तो बारा महिने तोच असतो, भाताच्या पुडीचा भाव कोणी करत नाही. हे पुस्तिकेत लिहायला हवं होतं. लिहायचं राहिलं.

बाईने निम्मं सांगितलं. कपाळाला आठी घातली. मग आमच्या भाषेत म्हणाली, फार महाग. उच्चार अगदी बरोबर होता, मीच कंसात लिहून दिला होता. नवरा माझ्याकडे बघून हसला, म्हणजे बघ, वाचलंय आम्ही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी बरंच वाटलं. मग दोघांनी पाठ फिरवली आणि सावकाश चालू लागले.

मी मावशीला हाताने खुणावलं, हाक मार. तिला कळलं नाही, किंवा कळलं. पुडी तशीच तिच्या हातात. मी त्यांच्या मागे पळायला हवं होतं, पण वाटलं, हाक येईलच. ते सावकाश जात राहिले, आणखी सावकाश, एकदा बाईने खांद्यावरून पाहिलंही. कोपऱ्यावर पावाची गाडी लागली. तिथे त्यांनी दोन पाव घेतले. भाव न करता.

मी वळून पाहिलं तेव्हा मावशीने पुडी बाजूला ठेवली होती. टोपलीखालून वर्तमानपत्र काढलं, लायटर काढला. पहिल्यांदा पेटला नाही. दुसऱ्यांदा पेटला. माझ्याकडे न बघता टोपलीवरून फिरवला आणि मी उभा होतो तिथे, माझ्या पायांजवळ, टाकला.

वारा उलटा होता. धूर सगळा माझ्याच डोळ्यांत आला.

३० मार्च, सोमवार

थोआताईचा फोन. पाहुण्यांनी कंपनीला लिहिलंय, शहर सुंदर, पाव उत्तम, बाजार बंद होता. आमच्या गल्लीची फेरी कंपनी घेणार नाही. ताई मात्र ती सुरू करणार आहे, ऊन चढल्यावर, बान्ह काका पुढे आणि कॉलेजची एक मुलगी मागे. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, काकांनी बसचं तिकीट कालच काढलंय. काका म्हणजे माझे बाबा.

पुस्तिका चालू ठेवणार का, हे विचारायचं राहिलं.

३१ मार्च. पहाट

बस पहाटेची आहे. बॅग भरून दाराशी आलो तर लाय मावशीने अर्धं शटर खाली ओढलं. म्हणाली, थांब जरा, भवानी होऊ दे.

शटरच्या आत बसून लिहितोय. बाहेर तिची पावलं दिसतात आणि टोपलीची कड. एक पावलांची जोडी आली, थांबली, गेली. दुसरी थांबलीच नाही. सांगावंसं वाटलं की मावशी, बस चुकेल, पण आजची तिची पहिली पुडी आहे.

बान्ह काका आले. त्यांच्या सपाता मी ओळखतो. आले ते बोलतच बसले, हॉटेल कसं होतं, डुक्कर कसं होतं. मग एकदाची पुडी घेतली आणि गेले.

मावशीने शटर वर केलं. दुसरी पुडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, आता जा.

बस गेली असणार. तरी निघतो.